म्हातारीचं ऐकून घ्या

आठवडाभर एक रील फिरतंय. खुरपणी करणारी बाई ओवी म्हणतेय, वरून कुणीतरी बासरी ओतलीय, त्यामुळे शब्द ऐकू येणार नाहीत याची चोख व्यवस्था झालीय. बाईचं नाव नाही, गाव नाही. एका प्राध्यापक मित्रानं ते पाठवून खाली लिहिलं, ‘अगदी वर्ड्सवर्थ!’ अगदी. म्हणूनच डोकं फिरलं.

वर्ड्सवर्थची ‘द सॉलिटरी रीपर’ ही शेतात एकटीच कापणी करत गाणाऱ्या मुलीवरची कविता 1805 ची, छापली 1807 साली. स्कॉटलंडची सफर त्यानं बहीण डोरोथीबरोबर 1803 मध्येच केली होती. पण या कवितेचं बीज मित्र थॉमस विल्किन्सनच्या हस्तलिखित प्रवासवर्णनातल्या एका वाक्यात आहे, हे त्यानं स्वतःच टीप देऊन सांगितलंय. म्हणजे कापणीवालीचा सूरसुद्धा उसना! ती गेलिकमध्ये गाते, कवीला ओ की ठो कळत नाही. मग तो अरबस्तानातले पक्षी आठवतो, जुन्या लढायांचा तर्क करतो आणि गाणं मनात घेऊन टेकडी चढू लागतो. तिला थांबवून विचारत मात्र नाही.

त्याच सफरीत त्याची वॉल्टर स्कॉटशी गाठ पडली. स्कॉट सरहद्दीकडचे पोवाडे गोळा करणारा. आदल्याच वर्षी तो एट्रिकच्या खोऱ्यात जेम्स हॉग या मेंढपाळ-कवीच्या आईकडे, मार्गारेट लेडलॉकडे गेला होता. म्हातारीनं गाऊन दाखवलं आणि वर झापलंही: ही गाणी म्हणायची होती, वाचायची नव्हती, छापून तुम्ही त्यांची वाट लावलीत, शिवाय नीट उतरवूनही घेतली नाहीत. हे हॉगनं बऱ्याच वर्षांनी लिहिलं, तेव्हा थोडं तिखटमीठ असेल. असू दे. गाणारणीनं संपादकाचे कान उपटल्याचे दाखले साहित्यात किती आहेत?

कविता म्हणून वर्ड्सवर्थ कितीतरी सरस, यात वाद नाही. न कळलेल्या गाण्याचा इतका सुंदर उपयोग क्वचितच कुणी केला असेल. पण उपयोगच तो. आपल्या परीक्षेच्या गाईडवाल्यांना त्यात फक्त ‘निसर्गसौंदर्य’ दिसतं. बाई दिवसभर विळा चालवतेय, शेत कुणाचं, मजुरी किती, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. निदान वर्ड्सवर्थ ‘ती काय गातेय, कुणी सांगेल का?’ असं कवितेतच विचारतो. बासरीवाल्यानं तेवढंही केलेलं नाही.

मी स्कॉटच्या बाजूनं. त्यानं गाणी बिघडवली असतील, पण बोलणी खायला तो त्या घरी गेला तरी होता.