कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही

जुन्या गाडीचा सगळ्यात महागडा आजार म्हणजे कधी होणारा आणि कधी न होणारा आजार. टायर फुटला तर दिसतो. रेडिएटर गळला तर खाली पाणी साचते. पण सकाळी चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज आणि दुपारी तीच गाडी पहिल्या चावीला सुरू, हे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. गॅरेजच्या दारात नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागते. मग वायरमन विचारतो, "बॅटरी किती जुनी?" तीन वर्षे म्हटले की निदान संपते आणि नवी बॅटरी बसते. आठ दिवसांनी पुन्हा 'टक्'. मग सेल्फ उतरतो, त्याचे कार्बन बदलतात. मग रिले, मग चावीचा स्विच. प्रत्येक वेळी खिशातून पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

माझे म्हणणे सरळ आहे. न मोजता भाग बदलणे ही दुरुस्ती नव्हे, तो जुगार आहे, आणि त्यात हरतो तो नेहमी जुनी गाडी वापरणारा. ज्याच्याकडे नवी गाडी घेण्याचे पैसे नाहीत, त्याच्याच पैशावर हा जुगार चालतो. पण याचा दोष एकट्या वायरमनच्या माथी मारणे मला पटत नाही. त्यात गाडीमालकाचा वाटा आहे आणि आपल्या समाजाचाही आहे. आपण हजारो मुलांच्या हातात पाना दिला, मीटर दिला नाही.

बी.एड.ला एक गोष्ट शिकवतात: आधी निदानात्मक चाचणी, नंतर उपचारात्मक अध्यापन. मुलाची वजाबाकी चुकते म्हणून सगळी वजाबाकी पुन्हा शिकवायची नसते. दशक सुटा करताना चुकते की शून्यातून वजा करताना, ते आधी शोधायचे असते. गाडीलाही हाच नियम लागू आहे. 'गाडी सुरू होत नाही' ही तक्रार झाली, निदान नव्हे. या एका वाक्यात निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन उचलत नाही, हा पहिला. इथे बॅटरीचा सहसा संबंध नसतो. पेट्रोल पोहोचते का, ठिणगी पडते का, हे पाहायचे. इंजेक्शनच्या गाडीत गरम झाल्यावर क्रँक सेन्सर दगा देतो का, हेही पाहायचे. सेल्फ आळसटल्यासारखा फिरतो, हा दुसरा. इथे बॅटरी, टर्मिनल, जाड केबल किंवा सेल्फ स्वतः, यांच्यावर संशय. आणि सेल्फ हलतच नाही, हा तिसरा. त्यात आतला दिवा चालू ठेवून चावी फिरवा. दिवा विझू लागला तर करंट वाटेत कुठेतरी अडकतो आहे किंवा बॅटरीत दम नाही. दिवा तसाच लख्ख राहिला आणि आवाजही आला नाही, तर चावीचा स्विच, रिले किंवा सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर बघा. या तपासणीला एक पैसा लागत नाही. तरी ती किती ठिकाणी होते?

याच्यापुढे मीटर लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे ती साधारण निम्मी उरली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतला डायनामो, काम करतो आहे. हे तीन आकडे घ्यायला पाच मिनिटे पुरतात आणि बॅटरीवरचा निम्मा संशय तिथेच मिटतो.

पण 'कधी होते, कधी नाही' या आजाराचे खरे घर बहुतेक वेळा सांध्यात असते. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा इंजिन फिरवताना 100 अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. वाटेतल्या एका गंजक्या सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा असला, तरी ओहमच्या नियमाने तिथेच एक व्होल्ट खर्ची पडतो. असे दोन-तीन सांधे असले की सेल्फपर्यंत उरते काय? आणि साधा मीटर लावून वायर 'चेक' केली तर तो खुशाल 'पी' वाजवतो, कारण केबलची एक तार शाबूत असली तरी त्याच्या लेखी वायर ठीक असते. म्हणून उभ्या गाडीत तपासून उपयोग नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्हच्या बाजूलाही तसेच, बॅटरीपासून सेल्फपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही.

एका सहकाऱ्याच्या घरी वयस्कर आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. गाडी बारा वर्षांची. चार महिन्यांत बॅटरी झाली, सेल्फचे काम झाले, रिले झाला, तरी ऐन जायच्या दिवशी सकाळी गाडी 'टक्' म्हणून गप्प. शेजाऱ्यांना उठवून धक्का मारायचा आणि उशीर झाला म्हणून तिकडे बोलणी खायची. शेवटी बाजारपेठेतल्या एका जुन्या उस्तादांनी वेगळी अट घातली, "गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवा. खराबी सकाळी होते ना, मग मी सकाळीच बघणार." पहाटेच्या दवात त्यांनी मीटर लावला. बॅटरी आणि इंजिन यांच्यात 1.8 व्होल्ट. अर्थची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने कसलेली होती, तिथे खाली गंज धरला होता. दुपारी इंजिनच्या उष्णतेने सांधा सुकायचा, थोडा दाबला जायचा आणि चालायचा. सकाळच्या ओलीत तो पुन्हा रुसायचा. पॉलिश पेपर, नवी पट्टी, वरून पेट्रोलियम जेली. काही शे रुपयांत काम झाले. आधी गेलेले हजारो रुपये मात्र परत आले नाहीत.

उस्तादांनी इथे जादू केली नाही. त्यांनी दोष हजर असताना मोजले. या आजाराचा हाच एक कायदा आहे. दोष नसताना घेतलेले आकडे निरोगी गाडीचे आकडे असतात. म्हणून मालकाने एक छोटी वही ठेवावी: गाडी केव्हा रुसली, थंड असताना की लांबच्या प्रवासानंतर, पाऊस होता का, मोठा खड्डा गेला होता का, किती दिवस उभी होती. उन्हाळ्यात गरम इंजिनवरच सेल्फ अडत असेल तर सोलेनॉइडवर संशय घ्यावा, कारण तांबे तापले की त्याचा अडथळा वाढतो. चार दिवस उभी राहिल्यावरच अडत असेल तर कुठेतरी करंट झिरपतो आहे. बंद गाडीचा खर्च सहसा 50 मिलीअँपिअरच्या आत असतो, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टीमने किंवा सेंट्रल लॉकने अर्धा अँपिअर खाल्ला तर दिवसाला 12 होतात आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत झोपते. तिथे नवी बॅटरी घातली तर तीही तीन दिवसांतच झोपेल.

काही सवयी मात्र आता सोडल्याच पाहिजेत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनामो चार्ज करतो का' बघणे ही त्यातली पहिली. जुन्या काळच्या गाड्यांत ते खपून गेले. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेजचा झटका येतो आणि इंजिनचा संगणक, ईसीयू, कायमचा जाऊ शकतो. वायर बॉडीला घासून ठिणगी काढून बघणे, फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे, वायर सोलून त्यावर नुसती टेप मारणे, ही सगळी त्याच घराण्यातली. उन्हाने टेपचा चिकटा वितळतो, पावसात पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी एक नवा 'कधी होते, कधी नाही' जन्माला येतो.

आता मालकाचा वाटा. एका वायरमनला मी विचारले, आधी मोजून का बघत नाही? त्याने दिलेले उत्तर मला खोडता आले नाही. "सर, दोन तास शोधून एक बोल्ट कसला, तर गिऱ्हाईक म्हणते बोल्ट कसायचे पाचशे? बॅटरी बदलली तर हसत पैसे देते." खरे आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. डॉक्टरने तपासून 'काही नाही, पाणी जास्त प्या' म्हटले तरी फी देतो. वायरमनकडे मात्र पार्ट दिसल्याशिवाय हात खिशात जात नाही. मग तो पार्ट विकतो. हा बाजार आपणच घडवलेला आहे.

आणि समाजाचा वाटा. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या व्यवसायांत एकवटलेले दिसले, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. त्यासाठी अहवाल उघडायचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याला हायवेवरच्या गॅरेजांच्या पाट्या वाचाव्यात. आठवी-नववीत शाळा सुटलेला मुलगा उस्तादाचा शागीर्द होतो. त्याच्या बोटांना जे कळते ते माझ्यासारख्या पदवीधराला कळणार नाही. पण व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांचे नाते त्याला कोणी सांगितलेले नसते. ते तर वरच्या इयत्तेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते, आणि तो तिथपर्यंत बहुधा पोहोचलेलाच नसतो. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 झाल्या. आज नवी असलेली ती गाडी उद्या जुनी होऊन याच मुलांच्या दारात येणार आहे. तेव्हा अंदाजावर चालणारा हात उपाशी राहील. नुसता स्कॅनर घेऊनही भागणार नाही. अर्थिंग ढिले असले की सेन्सरना योग्य व्होल्टेज मिळत नाही आणि स्कॅनर निर्दोष सेन्सरचेच नाव सांगू शकतो. म्हणजे पुन्हा नवा पार्ट, पुन्हा तोच आजार.

जलशांतून इब्न अल-हैसमचे नाव घेऊन आपण छाती फुगवतो. ऐकीव मतावर न थांबता प्रयोगाने पडताळून पाहणे, हीच तर त्याची थोरवी. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर पडताळून घेण्याची ताकीद आहे. ती आपण अफवांच्या संदर्भात सांगतो आणि ते योग्यच आहे. पण 'बॅटरी गेली' हीसुद्धा एक खबरच आहे, आणि तिच्या भरवशावर एखाद्या घराचे चार हजार रुपये खर्च होणार असतात. तहकीक मिंबरावर जितकी हवी तितकीच बोनेटखालीही हवी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, तिन्ही आवाक्यातल्या. गाडीमालकाने गॅरेजात गेल्यावर म्हणावे, "भाई, आधी मोजून आकडा सांगा. पार्ट लागला नाही तरी तपासणीची मजुरी देईन," आणि ती द्यावी. ज्या संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात, त्यांनी शुक्रवारच्या सुट्टीला मोहल्ल्यातल्या शागीर्दांसाठी दोन तासांचा वर्ग घ्यावा. आयटीआयचा एखादा निदेशक, एक जुनी गाडी आणि प्रत्येकाच्या हाती एक मीटर, एवढे पुरे. भाषा त्यांचीच हवी, उर्दू-मराठी मिसळलेली, 'सेल्फ' आणि 'डायनामो' म्हणणारी. आणि आम्ही शिक्षकांनी ओहमचा नियम फळ्यावर लिहून थांबू नये. शाळेच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे बोनेट उघडून तो दाखवावा. मागच्या बाकावरचा जो मुलगा उद्या शाळा सोडायच्या बेतात आहे, तो कदाचित त्या दिवशी पहिल्यांदा पुढे येऊन उभा राहील.