निर्मलला चहापुरते

मुंबईस गेलेले आमचे कुटुंब जहांगीर कलादालनाची पायरी चढल्यावाचून परतत नाही. १९५२ साली उघडलेले ते दालन, भोवतालचा काळा घोडा परिसर, नकाशा हाती घेऊन मनास येईल तसे हिंडणे, हे सारे उत्तमच. आमचा आक्षेप निराळा आहे. तीच माणसे हैदराबादच्या वाटेवर निर्मलला केवळ चहापुरती उतरतात.

पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळे, पक्षी कोरणारे, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून सांधे जोडणारे नक्काश कारागीर त्याच गावात आहेत. तिकडे उशेगावचे वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून पितळ ओततात. साचा प्रत्येक वेळी फोडावा लागतो. म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी होत नाही. २०१८ साली या ढोकरा कामास भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही ती बातमी वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

‘ती कारागिरी, कला नव्हे,’ असे आमच्याच बैठकांत ऐकू येते. भिंतीवर टांगले की कला आणि गोंडांच्या देवस्थानी पुजले की कारागिरी, हा न्याय कोणता? २०१६ साली निर्मल व आसिफाबाद वेगळे जिल्हे झाले, ही सबब तर ऐकवतही नाही.

मंडळाने पुढील अंकासोबत या कार्यशाळांचा एकपानी नकाशा छापावा. वाटाड्या नको, सहलीची बस नको. ज्याने त्याने आपल्या सवडीने जावे, मुलांना न्यावे, आणि मूर्तीचा भाव पाडून मागू नये. जहांगीरमध्ये तर किंमत विचारण्याचेही धाडस आम्हांस होत नाही.