वाढ आणि वाढणं

माझं गाव बुऱ्हाणपूर. गावाचं नाव काढलं की लोकांना मुमताज महल आठवते. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात ती आमच्याच गावी गेली. ताजमहाल सगळ्यांना पाठ. बाळंतपण मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर वहिनीच्या चार महिन्यांच्या बाळाचं कौतुक चाललेलं. "कसा भराभर वाढतोय बघ!" आजी म्हणाली. वहिनी ओट्याशी उभी होती. दुपारचे तीन वाजलेले आणि तिचं जेवण व्हायचं होतं.

भराभर वाढणं म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. माकडांचा अभ्यास करणारे तसं म्हणत नाहीत. जंगलातल्या माकडाला पकडून रक्त काढायची आता गरज नसते. विष्ठेतून आणि लघवीतून संप्रेरकं मोजता येतात, आणि फोटोंवरून शरीराची मापं काढता येतात. थायलंडच्या फू खियाव अभयारण्यातल्या आसामी माकडांवर असंच काम झालं, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. गरोदरपणात अन्न कमी पडलं की माद्यांमधली ताणाची संप्रेरकं वाढत. गंमत म्हणजे अशा माद्यांची पिल्लं जास्त वेगाने वाढली! पण उड्या मारणं, लटकणं ती उशिरा शिकली आणि त्यांची प्रतिकारशक्तीही कमी भरली. जणू शरीराने गर्भातच हिशेब केला: दिवस वाईट आहेत, लवकर मोठं हो, बाकीचं राहू दे.

माणसाचं गणित हुबेहूब असंच नाही. आपल्यात उपाशी आईचं बाळ बहुधा कमी वजनाचं जन्मतं. पण मुद्दा दोन्हीकडे एकच. वाढीचा हिशेब आईच्या पोटात सुरू होतो, म्हणजे खरं तर आईच्या ताटात. आपण वजनकाट्यावर बाळाला ठेवतो आणि आकडा बघून खूश किंवा नाराज होतो. आई काय जेवली, किती वाजता जेवली, हे कोण विचारतं?

त्याच सुट्टीत आम्ही आसीरगडावर गेलो होतो. तटावर वानरांची टोळी बसलेली. एक काळंभोर पिल्लू या मादीकडून त्या मादीकडे चाललं होतं. वानरांमध्ये हे नेहमीचंच; जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत इतर माद्या पिल्लू सांभाळायला घेतात. तेवढ्या वेळात आई मोकळेपणाने चरून घेते. आमच्या घरीही बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरतं. फरक एवढाच, की मोकळी झालेली आई चरायला जात नाही, पोळ्या लाटायला जाते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गरोदर आणि बाळंत बाईने शेवटी जेवायचं, ही रीत मोडलीच पाहिजे. त्याला सरकारी योजना लागत नाही. पहिलं ताट तिचं, बस.

दुसऱ्या दिवशी मी बाळ आजीकडे दिलं, वहिनीला पाटावर बसवलं आणि गरम पोळी वाढली. आजी म्हणाली, "आम्ही नाही का वाढवली मुलं?"

वाढवलीस गं आजी. पण तुला कुणी वाढलं होतं का?

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच तुपाची वाटी पुढे सरकवली.