कोच हवा कुणाला?



रविवारच्या अंकातील लेखकाला आदिलाबादेत आरोग्यसल्ला केवळ ऑनलाइन वेलनेस कोचमुळे पोचला असे वाटते. तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर तपासायला इथे आशाताई, एएनएम आहेत; केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टर फुकट भेटतो. कोच म्हणवून घ्यायला मात्र पदवी लागत नाही, नोंदणीही नाही. हे लेखात कुठेच नाही.

कोच सांगतात तो रोज दहा हजार पावलांचा ‘शास्त्रीय’ आकडा १९६५च्या जपानी पाऊलमापकाच्या जाहिरातीतून रूढ झाला. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला तो ऐकवून पाहा!

रोज आठवण करून देण्यापुरता कोच ठीक. तेवढे शेजारीणही करते. आणि ज्वारीच्या मुलखात कोचने ओट्स कशाला सुचवावेत? उटनूरच्या आदिवासी महिलांचे मोहफुलांचे लाडू लेखकाने आधी खाऊन पाहावेत.

— एक वाचक, आदिलाबाद