बाळाचा डोळा चुकवून निघू नका

सकाळी साडेसहाची वेळ. पाळणाघराच्या दारात दहा महिन्यांचे बाळ आईचा पदर मुठीत धरून रडते आहे. आईला सातची हजेरी गाठायची आहे. आतल्या मावशी म्हणतात, "तुम्ही निघा, मी खेळवते त्याला." बाळाचे लक्ष खुळखुळ्याकडे जाते आणि आई मागच्या मागे सटकते. दुसऱ्या दिवशी बाळ गल्लीच्या तोंडाशीच रडू लागते. मग शेजारपाजारची बोलणी सुरू होतात. लाडावलेले आहे. दृष्ट लागली. आईचे काळीजच दगडाचे.

यातले एकही खरे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला आपले कोण आणि परके कोण हे ओळखू येऊ लागते. नजरेआड झालेली आई कुठेतरी आहे, हेही कळते. पण ती परत कधी येणार, हे मात्र कळत नाही. त्याच्याजवळ घड्याळ नाही, 'संध्याकाळ' हा शब्द नाही. म्हणून ते रडते. चार महिन्यांचे असताना कुणाच्याही कडेवर जाणारे बाळ आता जात नाही, कारण त्याची समज वाढली आहे. ही ओढ साधारण दहा ते अठरा महिन्यांत सर्वात जास्त असते आणि तिसऱ्या वर्षाकडे ओसरत जाते.

डोळा चुकवून गेल्याने बाळ एवढेच शिकते की आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते. मग ते घरीसुद्धा मोरीपर्यंत मागे येते. त्यापेक्षा सांगून जावे. रोज तेच शब्द बोलावेत: "आई कामाला जाते, तू जेवून झोपून उठलास की येते." जवळ घ्यावे, टाटा करावे आणि निघावे. दारातून दोनदा-तीनदा परत फिरू नये. रडणे ऐकत निघणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण बहुतेक बाळे थोड्या वेळाने शांत होतात. दुपारी मावशींना एक फोन करून विचारावे, म्हणजे आपलाही जीव थाऱ्यावर राहतो. आईच्या जुन्या साडीचा तुकडा बाळाजवळ द्यावा, ओळखीच्या वासाने धीर येतो. मात्र झोपताना तो काढून घ्यायला सांगावे, तोंडावर येता कामा नये.

आता कायद्याकडे पाहू. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा, हेही त्यात आले. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळ आईला घट्ट धरू लागते, नेमकी तेव्हाच रजा संपते. आणि आपल्या वस्तीतल्या किती जणींना ती रजा मिळते? चार घरची धुणीभांडी करणारीला नाही, कचरा वेचणारीला नाही.

पुस्तकी सल्ला असतो की पहिले काही दिवस आईने पाळणाघरात बाळासोबत बसावे. सल्ला बरोबर आहे. खाड्याचे पैसे कोण भरणार, हे तिथे लिहिलेले नसते. म्हणून हे काम एकट्या आईवर टाकू नये, असे आम्ही म्हणतो. आजी, आत्या, मावशी, आणि हो, बाळाच्या बापानेही एकेक दिवस वाटून घ्यावा. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग जेवणापर्यंत असे वाढवत न्यावे. दोन-तीन आठवड्यांत बरीच बाळे रुळतात. पाळणाघर बघताना खेळणी मोजू नका. बाळाला घेणारी बाई रोज तीच असते का, हे विचारा.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट केला. आईवडिलांपासून तुटलेली अशी मुले आधी रडतात, मग खचतात आणि शेवटी गप्प होतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्या गप्पपणाला लोक 'रुळले' म्हणत. पाळणाघरातले बाळ रोज संध्याकाळी आईकडे येते, हा मोठा फरक आहे. तरीही खेळत नाही, दूध घेत नाही, वजन घटते, आई आली तरी तिच्याकडे बघत नाही, ठरावीक माणूस दिसताच दचकते, असे दिसले तर 'शहाणे झाले' म्हणू नका. पाळणाघरात जाऊन बघा, डॉक्टरांना दाखवा. बाळ शांत राहावे म्हणून सर्दी-खोकल्याचे किंवा झोपेचे औषध पाजण्याचे प्रकार कानावर येतात. असे कधीही करू नका, लहान बाळाचा त्याने श्वास अडकू शकतो. पाळणाघरात काय पाजतात, हेही विचारत जा.

संध्याकाळी घ्यायला गेल्यावर बाळ आईला बघून पुन्हा भोकाड पसरते. ते रागावलेले नसते, दिवसभराचे रडू आपल्या माणसापाशी मोकळे करते. घरी आल्यावर दहा-पंधरा मिनिटे आईने त्याला मांडीवर घेऊन नुसते बसावे. तेवढ्या वेळात भात टाकणे, पाणी भरणे बापाने करावे. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी बाळाला आणायला त्यानेच जावे, म्हणजे मावशींनाही तो ओळखीचा होईल.