आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

कर्नाटक राज्याच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला की आपल्या भागात दोनच प्रश्नांची चर्चा आठवडाभर चालते. बेळगाव शैक्षणिक जिल्हा राज्यात कितवा आला आणि चिकोडी कितवा? क्रमांक चढला तर अधिकाऱ्यांची पाठ थोपटली जाते, उतरला तर शिक्षकांची कानउघाडणी होते, आणि मग पुढल्या निकालापर्यंत सारे सामसूम! या क्रमांकावरून आपल्या मराठी शाळांतील मुलांच्या शिक्षणाविषयी नेमके काय कळते, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारण्याची वेळ आता आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम राज्याचेच आकडे पाहू. 2019 साली दहावीचे सुमारे 73.7 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. 2021 साली, साथीच्या काळात, दोन दिवसांची पर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली आणि जवळजवळ झाडून सारे उत्तीर्ण ठरले. 2022 साली हे प्रमाण 85.63 होते, 2023 साली 83.89. पुढे 2024 साली ते 73.40 वर घसरले आणि 2025 च्या पहिल्या परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांचे प्रमाण 66.14 वर आले. चार वर्षांत शंभरावरून सहासष्टावर! मुलांची बुद्धी इतक्या थोड्या काळात एवढी खालावते काय? मुळीच नाही. बदलली ती परीक्षेची रीत. 2024 साली परीक्षेच्या वर्गांवर कॅमेऱ्यांची नजर बसली आणि नकलेला आळा बसला. त्या वर्षी निकाल फारच ढासळेल म्हणून सवलतीचे गुण वाढविण्यात आले. 2025 साली ती वाढीव सवलत नव्हती. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये उत्तीर्णतेची मर्यादाच 35 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर, म्हणजे 625 पैकी 206 गुणांवर, आणण्याचा निर्णय जाहीर झाला. मापच बदलत राहिले तर धान्य वाढले की घटले हे कोणी सांगावे? म्हणून पुढे टक्केवारी वर गेली तरी पेढे वाटण्यापूर्वी पालकांनी क्षणभर थांबावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बेळगाव शैक्षणिक जिल्हा म्हणजे काही एकजिनसी प्रदेश नव्हे. मलप्रभेच्या उगमाजवळचे कणकुंबीचे रान आणि त्याच नदीच्या काठचे रामदुर्ग या एकाच जिल्ह्यात मोडतात. खानापूर तालुक्यातील पावसाने वेढलेल्या वाडीवरची मराठी शाळा, शहरातील इंग्रजी माध्यमाची शाळा आणि सौंदत्तीकडील कन्नड शाळा, या सर्वांची एक सरासरी काढली की तिच्यात मराठी मूल दिसेनासे होते. निपाणीची मराठी मुले तर चिकोडीच्या हिशेबात जातात. त्यांपैकी किती मुले गणितात अडली, किती इंग्रजीत आणि किती कन्नडात, हे जिल्ह्याच्या क्रमांकावरून कसे कळावे? यास्तव प्रत्येक तालुक्याचा माध्यमवार व विषयवार निकाल शिक्षण खात्याने गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेर लावावा, ही आमची पहिली मागणी आहे. यात कोणाचेही गुपित फुटत नाही.

परंतु दहावीचा निकाल हा पोहरा आहे. आड आहे तो तिसरी-चौथीच्या वर्गात. 'असर' या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपुढे दुसरीच्या पुस्तकातील उतारा ठेवतात. तो वाचू शकणारी मुले 2018 साली शंभरात सुमारे 27 होती. 2022 साली 20 वर आली. 2024 साली पुन्हा 27 झाली. म्हणजे बरे दिवस परतल्यावरही चारांतील तिघे मागेच! ज्या मुलास आपल्या मातृभाषेतील पानभर मजकूर अडखळल्याविना वाचता येत नाही, त्यास सातवीचे गणित आणि नववीचे विज्ञान कोणी शिकवावे आणि कसे?

सरकारची जबाबदारी येथे सुरू होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी तरतूद राज्यघटनेच्या 350 (अ) कलमात 1956 सालापासून आहे. दारावर मराठी शाळेची पाटी असली म्हणजे ते कलम पाळले गेले असे होत नाही. मराठी जाणणारा कायम शिक्षक, वेळेवर पाठ्यपुस्तक आणि मराठीतून होणारी तपासणी मिळाली तरच त्यास अर्थ आहे. वर्षानुवर्षे अतिथी शिक्षकांवर वर्ग ढकलायचे आणि मे महिन्यात निकालाचा जाब विचारायचा, हा न्याय नव्हे.

आता दोन शब्द आपल्या लोकांना. मराठी शाळांचा पट घटतो आहे, याबद्दल आपण हळहळतो. पण जो पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतो, त्याला केवळ अस्मितेचे व्याख्यान देऊन तो परत येणार नाही. या शाळेत मूल खरोखर शिकते, याचा पुरावा त्याला हवा आहे. तसेच कन्नड विषयाकडे पाठ फिरवण्याची वृत्तीही सोडली पाहिजे. सीमाप्रश्नाविषयीचे आपले मत ढळण्याचे कारण नाही. पण गुणपत्रिकेतले ते शंभर गुण आपल्याच मुलाचे आहेत, आणि रागापायी ते गमावण्यात कसला पराक्रम?

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या शाळा सुधारणा समित्यांनी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदा, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन, तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. हातच्याची एक वजाबाकी करून घ्यावी. कोणाला जमले, कोणाला नाही, याची वही ठेवावी. मुलाला दटावू नये, शिक्षकाला आरोपी करू नये. जो मागे असेल त्याच्यासाठी संध्याकाळचा एक तास गावातील शिकल्यासवरल्या तरुणांनी द्यावा. वाचनालये आणि तरुण मंडळे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

वर्षाने तीच वही पुन्हा उघडावी. तिच्यातील वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली दिसली, तर ती प्रगती कोणत्याही सवलतीने वाढलेली नसेल आणि कोणत्याही कॅमेऱ्याने घटणारही नाही. जिल्ह्याचा क्रमांक मग कितवाही येवो. मराठी शाळा टिकवायची असेल तर हे काम या जूनपासूनच हाती घेतले पाहिजे.