विहाराचे फाटक उघडा, पण पाटी उतरवू नका



आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेक वस्त्यांत विहार आहे आणि विहाराला लागून पोरांच्या खेळायचे अंगण आहे. अंगण म्हणजे काय, तर गंजलेली घसरगुंडी, साखळी तुटलेला झुला आणि पावसाळ्यात टोंगळाभर गवत. आमच्या वस्तीतले असे अंगण आता दुरुस्त करायचे ठरले आहे. मुरूम टाकायचा, गट्टू बसवायचे, नवे झुले लावायचे आणि फाटक साऱ्या गावातल्या पोरांसाठी उघडायचे. या शेवटच्या वाक्यावर भांडण पेटले.

आपलेच काही लोक म्हणतात, "वर्गणी आपली, राबलो आपण, अन् खेळणार त्यांची पोट्टी?" राग खोटा नाही. ज्यांच्या आजोबाला विहिरीवरून हाकलले, त्याच्या नातवाने हिशेब विचारला तर त्यात नवल काय? पण बांधवांनो, फाटकाला कुलूप लावून आपण कुणाची नक्कल करणार आहोत? जात पाहून दार बंद करण्याची रीत तथागताच्या संघात नव्हती. उपाली न्हावी त्याच संघात विनयाचा जाणकार ठरला.

दुसरी सूचना गावातून आली, आणि ती जास्त धोक्याची आहे. पोरे येतील म्हणे, फक्त कमानीवरचे बाबासाहेबांचे नाव काढा आणि निळा रंग बदला, म्हणजे "सर्वांना आपले वाटेल". मंदिराच्या पारावर आमची पोरे बसतात तेव्हा पाराचा रंग बदलला का? मग निळ्यानेच कुणाचे पोट का दुखावे? त्यात आणखी एक शहाणपण ऐकू येते, की खेळणी गावच्या चौकातच बसवा. म्हणजे निधी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीच्या विकासाचा आणि झुले चौकात! "सर्वांसाठी" या शब्दाआड वस्तीचा पैसा असाच निघून जातो.

वर्ध्याला दार उघडण्याचा जुना अनुभव आहे. 1928 साली जमनालाल बजाज यांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळी ते धाडसच होते, मी नाकारत नाही. पण तिथे दार उघडणारा मालक होता आणि आत जाणारा पाहुणा. त्याच्या आदल्या वर्षी, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते पाहुणे म्हणून नव्हे. 1923 चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचाही ठराव होता. कागदावर तळे खुले आणि प्रत्यक्षात ओंजळभर पाणी नाही, ही फसवणूक त्यांनी हजारो लोकांसह जाऊन उघडी पाडली. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्यासोबत सार्वजनिक वावराच्या जागाही आहेत. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या अशा जागेवर जातीवरून कुणाला अडवता येत नाही. तेव्हा गावच्या बागेतला झुला आमच्या पोरांवर उपकार नाही.

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात कोर्टाने बागा सर्वांना खुल्या करायला सांगितल्या, तर 1962 साली तिथल्या गोऱ्या कारभाऱ्यांनी बागाच बंद करून टाकल्या. काळ्या पोरासोबत झुला नको म्हणून आपल्या पोरालाही झुला नको! आपल्या विहाराच्या फाटकातून पोराला हात धरून माघारी नेणारी आई मी पाहिली आहे. त्या पोराने वळून वळून घसरगुंडीकडे पाहिले होते. आपण फाटक उघडायचे ते त्या पोरासाठी, त्याच्या बापाच्या शाबासकीसाठी नाही.

येत्या पौर्णिमेला विहार समितीची बैठक आहे. मी दोनच ठराव मांडणार आहे. फाटक सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावाच्या पोरांना उघडे राहील, किल्ली मात्र समितीकडे, कमान आहे तशीच आणि खेळणी वस्तीतच. दुसरा ठराव ग्रामपंचायतीला पाठवायचा: गावात सरकारी पैशाने झालेली बाग, मैदान, ओपन जिम कोणकोणती, त्यांची यादी विहाराच्या भिंतीवर लावा. त्या यादीतल्या प्रत्येक जागी आपली पोरे घेऊन जायला कोण कोण तयार आहे, त्यांनी बैठकीआधी नाव द्यावे. पहिले नाव माझे लिहा.